घरातील वहिवाटदार

राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, एका शिसवी पेटीत, आजोबांनी जिवापाड जपलेला एक रुमाल होता. रुमाल हा शब्द येथे जुन्या दप्तरखान्यातील अर्थाने घ्यावयाचा, म्हणजे मोडी कागदांचे बाड ज्यात गुंडाळून गाठ मारून ठेवीत तो चौकोनी कापडाचा तुकडा, ज्या जातीचे हजारो रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही रचून ठेविलेले आहेत. आमच्या रुमालात खोतीच्या हिशेबाचे काही बंद, दोन कबुलायती, एक वाटणीपत्र आणि, वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, एक सनदही होती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका मे महिन्यात मी ती गाठ सोडली, तेव्हा कापड शाबूत होते, गाठ शाबूत होती, वरचा कागदही जवळजवळ शाबूत होता. आणि त्याखाली कागदांच्या जागी ओलसर तांबड्या मातीची एक नक्षीदार वडी तेवढी शिल्लक राहिली होती. शिसवी लाकडाला वाळवीने दातही लाविला नव्हता. तळाच्या फळीच्या एका सांध्यातून, शाईची काडी जेमतेम जाईल एवढ्या फटीतून, तिने आत प्रवेश केला होता. सनद कोणाच्या शिक्क्यामोर्तबाची होती, हे सांगणारा पुरावा अशा रीतीने नाहीसा झाला, आणि तो नाहीसा करणारीचे हस्ताक्षर मात्र मातीत स्वच्छ उमटलेले राहिले.

मी वाळवीच्या नावाने दोन शेलके शब्द उच्चारले, तेव्हा खालच्या पडवीत तांदूळ पाखडीत बसलेली माझी थोरली काकू, जिने त्या घरात तोवर चाळीस पावसाळे काढिले होते, मान वर न करता म्हणाली, ‘‘तिची वहिवाट आपल्यापेक्षा जुनी आहे रे. तू दहा वर्षांनी एकदा गाठ सोडतोस, ती रोज येते.’’ खोताच्या घरात जन्म गेलेल्या बाईच्या तोंडी हा शब्द सहज आला असेल. परंतु त्यानंतर घरातील किडामुंगीकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या एका शब्दाने बदलली. जमिनीचा बारा वर्षे उघड व निर्वेध कब्जा ठेवणाऱ्याला कायदा काही एक हक्क देतो. वाळवीचे कुळ या पृथ्वीवर दहा कोटींहून अधिक वर्षे नांदत आलेले आहे.

मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरी करणारा, साताऱ्यास १८५१ मध्ये जन्मलेला एक ब्रिटिश गृहस्थ, ई. एच. एटकेन, याने १८८३ मध्ये ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ नावाचे एक नर्मविनोदी पुस्तक लिहिले, ज्यात बंगल्यातील उंदीर, पाली, बेडूक, मुंग्या आणि कोळी यांचे वर्णन सरहद्दीवर उपद्रव देणाऱ्या टोळ्यांच्या थाटात केलेले आहे. त्याच वर्षी मुंबईत जी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही तो होता. त्याची नजर तीक्ष्ण होती आणि मन उदार होते. तरीही सरहद्दीची कल्पना सुचावयास माणूस परकाच असावा लागतो, कारण ती कल्पना गृहीत धरते की भिंतीच्या आत आपले राज्य आणि बाहेर त्यांचे. कोकणातल्या कौलारू घराला अशी भिंत कधी नव्हतीच. जांभ्या दगडाचा चौथरा, मातीच्या भिंती, शेणाने सारविलेली जमीन, लाकडाची आढी-वासे-रिपा आणि वर वारा खेळता ठेवणारी कौले, हे सर्व मिळून जे घर होते ते जंगलाचाच एक कोरडा कोपरा होय. शीत देशात दरवर्षी हिवाळा येतो आणि बिनपगारी बेलीफाप्रमाणे कीटकांची जप्ती करून जातो. किड्याच्या शरीराची उष्णता बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्यामुळे थंडीत त्याचे खाणे, वाढणे आणि प्रजनन थांबते. आमच्याकडे तो बेलीफ येतच नाही. बारा महिने ऊब आणि त्यांतले चार महिने मुसळधार ओल, असा योग जेथे आहे, तेथे प्रश्न हाकलून देण्याचा नसून कोणाला कोठवर येऊ द्यावयाचे, एवढाच असतो. आणि तो ठरविताना आपण बहुधा चुकतो, कारण आपले भय एका दिशेला असते आणि अपाय दुसऱ्या दिशेने येतो.

वाळवीचेच पाहा. तिला आपण मुंगीच्या जातीची समजतो, आणि इंग्रजीतही तिला पूर्वी पांढरी मुंगी म्हणत. परंतु तिचे खरे गोत्र झुरळाचे आहे. कामकरी वाळवी आंधळी असते, अंगाची त्वचा इतकी पातळ की कोरड्या वाऱ्यात तासाभरात सुकून मरावी. म्हणून ती उघड्यावरून चालत नाही, तर माती, लाळ आणि विष्ठा यांचा गिलावा करून आपल्या वाटेवर छप्पर घालीत घालीत पुढे सरकते, आणि भिंतीवर आपल्याला ज्या मातीच्या शिरा दिसतात त्या वस्तुतः तिच्या झाकलेल्या पायवाटा असतात. लाकडातील मुख्य घटक, जो रसायनशास्त्रात सेल्युलोज म्हणून ओळखला जातो, तो पचविणे प्राणिमात्राला सहसा साधत नाही. वाळवीच्या काही जातींनी यासाठी पोटात सूक्ष्म जीव पाळले आहेत. आमच्याकडे वारुळे उभारणाऱ्या जातीने त्याहून चतुर युक्ती काढिली आहे. ती चावलेल्या लाकडापाल्याचे स्पंजासारखे सच्छिद्र थर वारुळाच्या गर्भात रचते, त्यावर एका विशिष्ट बुरशीची लागवड करते, आणि बुरशीने मऊ केलेले ते अन्न मग स्वतः खाते. वारुळाच्या उंच पोकळ बुरुजातून हवा खेळत राहते. शेतीचा शोध माणसाने लाविला असे आपल्याला शाळेत शिकविले जाते; या किड्यांची शेती त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीची आहे.

या वसाहतीच्या मध्यभागी, मातीच्या जाड कोठडीत, माणसाच्या बोटाएवढी लांब, हालचालीस असमर्थ अशी राणी पडलेली असते आणि दिवसाला हजारो अंडी घालते. पहिला वळीव पडून जमीन भिजली की त्या संध्याकाळी वसाहतीतून पंखवाले नर-माद्या बाहेर पडतात. ‘मुंगीला पंख फुटले’ ही म्हण आपण ज्या दृश्यावरून बोलतो त्यातली पाखरे पुष्कळ वेळा मुंगीची नसून वाळवीची असतात. काकू त्या संध्याकाळी सारे दिवे मालवून एकच कंदील अंगणात ठेवी आणि त्याखाली पाण्याने भरलेली परात. सकाळी परात पंखांनी भरलेली असे आणि भोवती बेडकांची पंगत उठून गेलेली असे. जी पाखरे वाचत ती जमिनीवर उतरताच आपले पंख झटकून टाकून जोडीने भेगेत शिरत. पुढील सनद खाण्याची तयारी तेथे सुरू होई.

मात्र याच वाळवीच्या बुरशीला पावसाळ्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, वारुळाच्या आसपास छत्र्या फुटतात, आणि त्या म्हणजे कोकणच्या बाजारात पानांच्या द्रोणातून विकावयास येणारी अळंबी. गोमंतकात वारुळाला रोयण म्हणतात आणि या अळंब्यांना नावही तिच्यावरून पडले आहे. ही अळंबी कारखान्यात पिकविता येत नाहीत, कारण वाळवीवाचून ती बुरशी नांदत नाही. (ओळखीच्या माणसाने ओळखून दिल्यावाचून रानातले कोणतेही छत्र तोंडात घालू नये, हे जाता जाता सांगून ठेवितो.)

जुन्या माणसांनी कागद वाचविण्यासाठी काय केले? वेखंड, कडुनिंबाचा पाला, मोराच्या पिसापासून डांबराच्या गोळ्यांपर्यंत सर्व काही पेटीत घातले, आणि त्यांपैकी काहींचा थोडाबहुत उपयोगही होतो. परंतु खरा जालीम उपाय हरताळाचा. हा पिवळाजर्द खनिज पदार्थ म्हणजे गंधक आणि सोमल यांचा संयोग. पोथीच्या कागदाला तो चोपडला की कसर आणि इतर कीड त्याला शिवत नसे, आणि लेखनात चूक झाली तर त्याच हरताळाचा लेप देऊन ते अक्षर झाकून टाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आज आपण केलेल्या श्रमाची माती होण्यास योजितो; तो या लेखकूंच्या बैठकीतून आला. लाकडाच्या बाबतीत सागाने स्वतःच आपल्या गाभ्यात कीटकांना न मानवणारी द्रव्ये साठविलेली असतात, म्हणून सागाची जुनी तुळई दीडशे वर्षे टिकते. पण कडेच्या पांढऱ्या लाकडात ती द्रव्ये नसतात, आणि आजकाल सुताराने ‘अस्सल साग’ म्हणून दिलेली चौकट पाच वर्षांत पोकळ होते, त्याचे कारण बहुधा त्या पांढऱ्या कडेत सापडते.

स्वयंपाकघरात हा व्यवहार अधिक सौम्य, पण अधिक बुद्धिमान होता. आढ्यापासून टांगलेले शिंके, दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, तूरडाळीला चोळलेले एरंडेल, कडधान्यात मिसळलेली चुलीची राख, या साऱ्यांना आपण आजीबाईचा बटवा म्हणून हसतो. परंतु त्यांतील प्रत्येकाला कारण आहे. किड्याच्या अंगावर मेणाचा एक सूक्ष्म थर असतो आणि तोच त्याच्या शरीरातील पाणी धरून ठेवितो. राखेचे बारीक कण तो थर खरवडून व शोषून घेतात आणि किडा विषाने नव्हे, तहानेने मरतो. एरंडेलाचा लेप असलेल्या डाळीवर भुंगेऱ्याचे अंडे नीट चिकटत नाही, चिकटले तर गुदमरते.

पण या शास्त्राचे सर्वांत भव्य उदाहरण पाहावयाचे तर घाट चढून देशावर जावे लागेल. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात खणलेली हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. सोलापूर-सांगलीकडे जोंधळाही असाच पेवात साठवीत. कृष्णाकाठची माती निवडून वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर असा खड्डा खणावयाचा, आतून पाला व गवत यांचे अस्तर द्यावयाचे, माल भरून तोंड मातीने लिंपून टाकावयाचे. पुढे वर्षानुवर्षे त्याला कीड लागत नसे. कारण असे की, बंद झालेल्या त्या पोटात माल आणि त्याबरोबर आत गेलेले किडे दोन्ही श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साचत जातो, आणि चोर आपल्याच श्वासाने मरतो. याचाच दुसरा पुरावा भीषण आहे. नुकतेच उघडलेले पेव वारा लागू न देता जो हमाल घाईने आत उतरला, तो बेशुद्ध होऊन तेथेच राहिल्याची उदाहरणे घडलेली आहेत. म्हणून अनुभवी माणसे आधी पेटता दिवा आत सोडून पाहात. २००५ आणि २०१९ च्या कृष्णेच्या महापुरांनी हरिपुरातील पुष्कळशी पेवे निकामी केली, आणि पत्र्याच्या गोदामात जेथे हळद आता रचिली जाते तेथे विषारी धुरी द्यावी लागते.

कोठारातल्या दुसऱ्या चोराचा, उंदराचा, इतिहास मात्र गंभीर आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, जेथे धान्याची कोठारे होती, तेथे डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले, आणि पुढील काही वर्षांत या रोगाने पश्चिम हिंदुस्थान उजाड केला. जंतू भिंतीत, जमिनीत आणि हवेत असावेत अशा समजुतीने सरकारी पथकांनी घरे धुतली, कार्बोलिक ओतले, चुन्याचे हात दिले, सामानसुमान जाळले, माणसे सक्तीने छावणीत नेली. पुण्यात या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. या सर्व काळात खेड्यातील माणसाला एक गोष्ट ठाऊक होती, जी साहेबाच्या शास्त्राला अजून ठाऊक नव्हती: ‘‘उंदीर पडला.’’ काळा उंदीर हा चढणारा प्राणी, तो आढ्यावाशांत राहतो, आणि रोग लागला की तो शब्दशः वरून खाली जमिनीवर पडतो. उंदीर पडला की गाव घरांना कुलपे लावून शेतातल्या झोपड्यांत राहावयास जाई. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एका काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला रोगी उंदीर ठेविला, त्याला स्पर्श होणार नाही अशा पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर ठेविला, आणि दुसराही त्याच रोगाने मेलेला पाहिला. उंदराचे प्रेत थंड पडले की पिसवा नवे ऊबदार शरीर शोधतात, हे गुपित तेव्हा उलगडले, आणि तरीही कित्येक वर्षे त्याच्यावर कोणी फारसा विश्वास ठेविला नाही. मुंबईत वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे, ती त्या कामातूनच वाढली.

प्लेग गेला, उंदीर राहिला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि पायाच्या एखाद्या क्षुल्लक जखमेतून शरीरात शिरतात. मुंबई महानगरपालिकेच्या नोकरीत रात्रीच्या वेळी विजेरी आणि काठी घेऊन गल्लीबोळांतून उंदीर मारीत हिंडणाऱ्या माणसांचा एक वर्गच आहे, आणि त्यांना रात्री ठरावीक संख्या भरून द्यावी लागते. पालिकेला जी कामगिरी पगार देऊन करवून घ्यावी लागते, ती फुकट करणारे तिघे आपल्या घराच्या आसपास असतात, आणि तिघांचीही आपण हेटाळणी करतो. पहिली धामण: सात-आठ फूट लांब, संपूर्ण बिनविषारी, आणि उंदरांच्या बिळांत सहज शिरणारी. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूत कोकणात अजून जिवंत आहे. सापाच्या तोंडाची रचनाच अशी की त्याला चोखता येत नाही. दुसरे गव्हाणी घुबड, ज्याच्या नावातच गुरांच्या गव्हाणीचा शेजार आहे आणि ज्याचा घोगरा सूत्कार ऐकून माणसे रामनाम घेतात. तिसरी चिचुंद्री. ही उंदरासारखी दिसते खरी, परंतु ती कृंतक वर्गातली नाहीच. तिचे दात कुरतडण्याचे नसून किडे फोडण्याचे आहेत, आणि रात्री भिंतीच्या कडेने चिवचिवत, आपल्या कस्तुरीच्या उग्र वासाची रेघ मागे सोडीत ती जी धावते, ती झुरळांच्या पाठलागावर असते. मी लहानपणी कित्येक चिचुंद्र्या उंदीर समजून मारिल्या आहेत.

पालीविषयी वेगळे काय सांगावे? पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते, ज्यात ती अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता काय फळ मिळते याचा तपशील दिलेला असतो; ती सहसा पडत का नाही, हे मात्र कोठे सांगितलेले नसते. तिच्या बोटांखाली केसांहूनही सूक्ष्म असे लक्षावधी तंतू असतात, प्रत्येकाची टोके पुन्हा शेकडो फाट्यांत विभागलेली असतात, आणि रेणूंमधील अत्यंत क्षीण आकर्षण एवढ्या प्रचंड संख्येने एकत्र येते की ती गुळगुळीत काचेवरही तरून राहते. पाल विषारी नाही.

विषारी कोण आणि कसा, हे मात्र नेमके माहीत असले पाहिजे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा एका मोठ्या देशव्यापी पाहणीवरून अंदाज निघाला आहे. आणि यांतील बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांकडे जातात. नागाचे भय सर्वांना वाटते, कारण तो फणा काढतो, फूत्कारतो, म्हणजेच इशारा देतो. मण्यार इशारा देत नाही. काळसर निळी, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा असलेली ही सापाची जात निशाचर आहे. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, आणि तो कुशीला वळला की चावते. तिचे दात इतके बारीक की दंशाची वेदना जवळजवळ होत नाही, माणूस डास चावला समजून पुन्हा झोपतो, पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. आणि घरची माणसे काल रात्रीचे जेवण बाधले म्हणून ओवा देत बसतात. तिचे विष ज्ञानतंतूंच्या टोकांनाच जखडते, म्हणून पुढे श्वास थांबतो. एका साध्या खाटेने, आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीने हा मृत्यू फार मोठ्या प्रमाणात टळतो.

फुरसे हे आमच्या कातळसड्यांचे खास रहिवासी: जेमतेम दीड फुटाचे, दगडाखाली वेटोळे घालून बसणारे, डिवचले असता अंगाच्या करवती खवल्यांचे परस्परांवर घर्षण करून खरखर आवाज काढणारे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने त्याच्यावर बक्षीस लाविले आणि लोकांनी मेलेली फुरशी लाखांच्या संख्येने कचेरीत आणून ओतली. फुरसे मात्र आजही तेथेच आहे, कारण ते अंडी न घालता पिल्लेच घालते आणि दगडांना तोटा नाही. त्याचे विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकते, म्हणून डॉक्टर रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटे स्तब्ध ठेवून ते गोठते की नाही, एवढीच साधी परीक्षा प्रथम करतात. या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तापासून केलेली एकच प्रतिविष लस आहे. दंश झालेल्या जागी चिरा देणे, रक्त चोखणे, दोरी करकचून आवळणे, मांत्रिकाकडे नेणे, या सर्वांत जो वेळ जातो तोच घातक ठरतो.

विंचवाच्या बाबतीत तर भयाची आणि अपायाची फारकत डोळ्यांना दिसते. काळा, वीतभर, पाहताच अंगावर काटा येईल असा जो विंचू, ज्याला पुष्कळ ठिकाणी इंगळी म्हणतात, त्याचा दंश वेदना देतो, क्वचितच जीव घेतो. दोन-तीन इंचांचा लहानखुरा लाल विंचू मात्र कोकणात लेकरे नेत असे. महाड-बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसून पाहिले की या दंशात विष शरीराच्या स्वतःच्या उत्तेजक द्रव्यांचा असा लोंढा सोडते की हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते आणि रोगी जणू कोरड्यावर बुडून मरतो. रक्तदाबावर देण्यात येणारी प्राझोसिन नावाची एक स्वस्त गोळी हा लोंढा अडवू शकेल, असा तर्क त्यांनी केला आणि तो खरा ठरला. गंभीर दंशाच्या रोग्यांत पूर्वी शंभरांत तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकाच्याही खाली आले. तालुक्याच्या गावी, ना प्रयोगशाळा ना ग्रंथालय, अशा जागी झालेले हे काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापिले. आमच्या वैद्यकाच्या इतिहासातील हे प्रकरण शाळेच्या पुस्तकात असावयास हवे होते, असे मला नेहमी वाटते.

आता ज्याला आपण अपायकारक मानतो पण ज्याचे भय बाळगीत नाही, तो डास. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचे परोपजीवी अॅनाफेलीस डासाच्या जठरात दिसले. त्यानंतर थोड्याच काळात आपले एटकेनसाहेब गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर मिठाचे शिपाई हिवतापाने का पडतात, याचा शोध घेण्यास निघाले, आणि त्या दौऱ्यात त्यांना डासाची एक नवी जात सापडली, जिला शास्त्रज्ञांनी त्यांचेच नाव दिले. सरहद्दीवरील टोळ्यांचा बखरकार अशा रीतीने एका टोळीच्या नावात जाऊन बसला. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटले यांनी अहवाल दिला की शहरातला हिवताप गटारांतून येत नाही, तर घराघरांतील स्वच्छ पाण्याच्या विहिरींतून येतो. विहिरी बंद करण्याचे हुकूम निघाले, आणि पाण्याला पवित्र मानणाऱ्या पारशी व इतर समाजांनी त्यांना कडाडून विरोध केला. आजही आपण डास म्हटले की नाक दाबून गटाराकडे बोट दाखवितो. गटारात वाढणारा क्युलेक्स हत्तीरोगाला कारण होतो, हे खरे. परंतु डेंग्यूचा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास आपल्याच घरातल्या निर्मळ पाण्यात जन्मतो: तुळशीच्या कुंडीखालची बशी, शीतकपाटामागील थाळी, माळ्यावर फेकलेला टायर. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयास सांगते. नुसते पाणी ओतून चालत नाही, भांड्याच्या कडा घासाव्या लागतात, कारण या डासाची अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने जगतात.

ढेकणाविषयी लिहिण्याचा कंटाळा आहे. तो रक्त पितो, झोप घालवितो, पण कोणताही रोग पसरवीत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

हाकलून देण्याची, म्हणजे हद्दपारीची, शिक्षा एका मोठ्या वहिवाटदाराच्या बाबतीत कशी उलटली, हे सांगितले पाहिजे. जुन्नर परिसरात धरणाचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उंच, दाट, ओलसर अशा त्या उसात बिबट्या राहू लागला. २००० नंतर वन खात्याने पिंजरे लावून बिबटे धरले आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडिले. तेव्हा जेथे ते सोडिले त्या भागांत माणसांवरील हल्ले वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अनोळखी मुलुखात टाकलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला बिबट्या घरची वाट शोधीत वस्त्यांमधून हिंडू लागतो. जो उसात राहात होता तो कुत्री आणि शेळ्या खाऊन, माणसाच्या दृष्टीस न पडता, वर्षानुवर्षे जगत होता.

आता आमच्या घराकडे परत येतो. यंदा चैत्रात मी शहरातून वाळवीवर औषध भरणाऱ्या एका माणसाला बोलाविले. त्याने पायाच्या कडेने हातोडीने वाजवून पाहिले, फूट-फूट अंतरावर भोके पाडण्याचा हिशेब मांडिला, आणि मग परसात जाऊन, फणसाच्या मागचे छातीएवढे उंच वारूळ पाहून म्हणाला की मूळ इथे आहे, हे खणून राणी काढल्यावाचून उपयोग नाही. हे वारूळ म्हणजे ज्याला आमच्या घरातल्या बायका नागपंचमीला दूध, लाह्या वाहतात ते. वारूळ वाळवी बांधते आणि साप तिच्या सोडून दिलेल्या दालनांत नुसता भाडेकरू म्हणून राहतो. आमच्या दक्षिणेला, सावंतवाडीकडे आणि गोव्यात, लोक सातेरी देवीला वारुळाच्याच रूपात पुजतात, आणि त्यात भाडेकरूला वगळून मूळ मालकिणीचाच मान अधिक ठेविला आहे, असे मला वाटते.

काकू आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. ती काठी टेकीत मागल्या दारी आली आणि म्हणाली, ‘‘नागपंचमी होऊन जाऊ दे.’’

‘‘आजी, नागपंचमी श्रावणात. तोवर पाऊस लागेल, मग औषध धरत नाही.’’

‘‘मग दिवाळीनंतर बघू.’’

तो गेला. आषाढाच्या अखेरीस वारुळाच्या कडेने अळंबी उगवली. काकूने ती निवडून, विळीवर चिरून, ओले खोबरे घालून त्यांची भाजी केली, आणि त्या माणसाने लिहून दिलेले अंदाजपत्रक मला माळ्यावरच्या शिसवी पेटीत, त्याच जुन्या रुमालात बांधून ठेवावयास सांगितले.